स्मेल्टची चढण: लेक सुपीरियरच्या ओढ्यांवर हातजाळं मारताना

उत्तरकाठ

एप्रिल लागला की मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडची मंडळी तीन-चार वेगवेगळ्या धाग्यांवर तेच प्रश्न विचारतात. स्मेल्ट मासा तळ्यातून ओढ्यात कधी चढणार, कुठलं जाळं घेऊ, आणि आणल्यावर त्याचं करू काय? सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. मिनेसोटातल्या डुलुथ शहरापासून ईशान्येला लेक सुपीरियर या प्रचंड तळ्याला मिळणारे छोटे ओढे-नद्या आणि पार्क पॉइंटचा वाळूचा पट्टा, एवढ्यापुरतंच बोलू.

मासा वीतभर, १५ ते २० सेंटिमीटर. अंग निमुळतं, चंदेरी, पाठ जरा हिरवट. तोंड अंगाच्या मानाने मोठं आणि जिभेवरसुद्धा दात. ओळखायची पक्की खूण म्हणजे वास. ताज्या स्मेल्टला चिरलेल्या काकडीचा वास येतो, चांगल्या रात्री ओढ्याच्या काठाला तो नुसता दरवळतो. वर्षभर हा मासा तळ्यात खोल पाण्यात असतो. बर्फ फुटलं की अंडी घालायला रात्री ओढ्यात शिरतो आणि बहुतेक मासे उजाडायच्या आत परत तळ्यात जातात.

"यंदा कोणती तारीख?" याला उत्तर नाही. मध्य एप्रिल ते मध्य मे यात कधीही, आणि एका ओढ्यावरचा जोर आठ-दहा दिवसांचा. पाच-सहा डॉलरचा थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडा. ओढ्याचं पाणी साडेचार अंश सेल्सियसला पोचलं की पहिले मासे येतात, साडेपाच ते आठ अंशांत खरा लोंढा. मोजताना काठाच्या उथळ पाण्यात मोजू नका. ते दिवसभर उन्हाने तापलेलं असतं आणि दीड-दोन अंश जास्त दाखवतं. मुख्य धारेत, सूर्य मावळल्यावर, रोज एकाच जागी मोजा. तीन दिवसांचे आकडे चढते दिसले तर निघा.

एक फसगत हमखास होते. पहिला कडक उन्हाचा दिवस आला की लोक गाड्या काढतात. त्याच उन्हाने वरच्या जंगलातलं बर्फ वितळतं, ओढा फुगतो, गढूळ होतो आणि पाणी उलट थंड पडतं. तो पूर ओसरेपर्यंत थांबावं लागतं. ढगाळ, उबदार, वारा नसलेली दुसरी-तिसरी रात्र सगळ्यात भरवशाची.

खडकाळ_पऱ्या

छान सुरुवात. जागेचं मी लिहितो.

स्मेल्टला उडी मारता येत नाही आणि जोराच्या धारेपुढे तो टिकत नाही. सामन माशासारखा धबधबा चढणं त्याच्या नशिबात नाही. उत्तर किनाऱ्यावरचे बरेचसे ओढे तळ्यापासून थोड्याच अंतरावर खडकावरून पडतात, म्हणजे मुख ते पहिला धबधबा एवढाच त्याचा इलाका. वर जाऊन शोधत बसू नका.

त्या पट्ट्यातही मधल्या जोरदार धारेत मासा नसतो. तो काठाकाठाने चढतो, मोठ्या दगडाच्या मागे पाणी उलटं फिरतं तिथे दम खातो आणि उथळ खळखळीच्या शेपटाला, मुठीएवढ्या गोट्यांवर अंडी टाकतो. तेव्हा उभं राहायची जागा अशी निवडा: खळखळ जिथे संपून पाणी संथ होतं त्याच्या बाजूला, गुडघाभर पाण्यात, पाठ काठाकडे. पायाखालचा गोटा हलत असेल तर जागा बदला. दिवसाउजेडी एकदा येऊन तळ बघून ठेवलेला बरा.

वारा ईशान्येचा असेल तर डुलुथच्या कोपऱ्यात सुटं बर्फ येऊन गच्च बसतं. ओढ्याचं मुखच बंद. मग पाणी सहा अंश असो नाहीतर सात, मासा आत येणार कुठून?

जाळेकर

जाळ्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण निम्मे लोक चुकीचं जाळं घेऊन येतात आणि उरलेले बरोबर जाळं चुकीच्या दिशेने ओढतात.

कडं ४० ते ५० सेंटिमीटर रुंद. पूर्ण गोल असेल तर तळाला एका बिंदूवरच टेकतं आणि दोन्ही बाजूंनी मासा निसटतो. पुढची कड सपाट असलेलं, इंग्रजी डी अक्षरासारखं कडं घ्या. दांडा अडीच ते तीन मीटर. ॲल्युमिनियम हलकं पण हात गोठवतं, म्हणून धरायच्या जागी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. लाकडी दांडा जड पण हाताला बरा. पिशवी ५० ते ६० सेंटिमीटर खोल हवी, कारण मासे आल्यावर कडं अर्धं फिरवून पिशवी कड्यावर दुमडता आली पाहिजे. पिशवी उथळ असेल तर पहिल्याच झटक्यात मासे बाहेर.

आस, म्हणजे जाळ्याचं भोक, सहा मिलिमीटर, बिनगाठीची. ट्राउटसाठी दुकानात मिळणाऱ्या जाळ्याची आस दोन-अडीच सेंटिमीटर असते, त्यातून स्मेल्ट सरळ पार होतो. बारा मिलिमीटरची त्याहून वाईट: डोकं आत जातं, कल्ले अडकतात आणि मग अंधारात गारठलेल्या बोटांनी एकेक मासा सोडवत बसा. उलट मच्छरदाणीसारखी बारीक घेतली तर पाणी आरपार जात नाही, जाळ्यापुढे पाण्याची भिंत सरकते आणि मासा आधीच सावध होतो.

आता दिशा. मासा तोंड वर करून, धारेविरुद्ध उभा असतो. जाळं त्याच्या वरच्या बाजूला, धारेच्या उताराकडे तोंड करून पाण्यात घालायचं आणि धारेबरोबर खालच्या दिशेला ओढायचं. यात ग्यानबाची मेख अशी की जाळं धारेपेक्षा जलद चाललं पाहिजे. हळू ओढलंत किंवा मध्येच थांबलात की मागून येणारं पाणी पिशवी उलटी करून कड्यातून पुढे काढतं, आत आलेलं सगळं गेलं. म्हणून फार जोराच्या धारेत हा प्रकार जमतच नाही. संथ पाण्याच्या कडेला जमतो. एक फटका म्हणजे दीड-दोन मीटर, कड तळाला घासत. शेवटी कडं वर फिरवा, पिशवी दुमडा, काठाकडे ओढा.

भरलेलं जाळं दांड्याच्या टोकाला धरून हवेत उचलू नका. पाच किलो मासे आणि वर पाणी, एवढ्या ओझ्याने कडं आणि दांडा जोडलेली जागा मोडते. तिथे दोन स्क्रू असतील तर आरपार बोल्ट टाकून घ्या.

मॅपलग्रोव्हची_मंजू

जाळेकरकाका, फारच उपयोगी. दोन शंका आहेत. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, चालेल का? आणि डोक्यावरच्या दिव्याने मासा पळतो की येतो? दोन्ही ऐकलंय.

जाळेकर

मंजूताई, पाग या ओढ्यांत कामाचा नाही. पाणी गुडघाभर, तळाला टोकदार दगड आणि बुडालेली झाडं. दुसऱ्या फेकीला शिसं अडकणार, तिसऱ्या फेकीला जाळं फाटणार. शिवाय ज्या राज्यात मारायचं तिथल्या नियमपुस्तिकेत कुठल्या साधनाला परवानगी आहे ते आधी बघा, यादीत नसेल तर विषय संपला.

दिव्याचं म्हणाल तर स्मेल्ट उजेड टाळतो. सतत पाण्यावर झोत टाकला की उथळातला थवा मागे सरकतो. दिवा कपाळावर असावा पण बंद. चालताना, मासे बादलीत ओतताना लावा. फटक्याआधी डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या.

उत्तरकाठ

यात भर: अंधार पडल्यावर तासाभराने सुरुवात करा. मध्यरात्रीच्या आसपास जोर असतो. पंधरा-वीस फटके मारून काहीच नसेल तर अर्धा तास जाळं टेकवून स्वस्थ बसा. सारखं पाणी ढवळत राहिलं की येणारेही येत नाहीत.

आणि जाळ्यात काय येतंय ते बोटांनी ओळखा. विणीच्या दिवसांत नराच्या अंगावर बारीक पुटकुळ्या येतात, हाताला खरखरीत लागतो. मादी गुळगुळीत आणि पोटाला फुगीर. नर आधी येतात आणि ओढ्यावर जास्त रात्री रेंगाळतात. सगळे खरखरीतच येत असतील तर हंगाम नुकता उघडलाय, दोन दिवसांनी परत या. पोट आत गेलेल्या सुकड्या माद्या दिसायला लागल्या की उरकत आलं.

रापणवाला

ओढ्यावर गर्दी असते तेव्हा पार्क पॉइंटच्या वाळूवर या. स्मेल्ट किनाऱ्याच्या उथळातही अंडी घालतो. इथे दोन माणसांची छोटी रापण चालते: २५ फूट लांब, ४ फूट उंच, वर बोयरे म्हणजे तरंगणारे गोळे, खाली शिसं, दोन्ही टोकांना माणसाच्या उंचीची काठी.

एक जण घोटाभर पाण्यात, दुसरा कमरेपर्यंत. दोघांनी किनाऱ्याला समांतर वीस-तीस पावलं चालायचं, मग बाहेरच्याने वळसा घेऊन किनारा गाठायचा आणि दोघांनी मिळून जाळं वाळूवर ओढायचं. बाहेरचा नेहमी जरा पुढे हवा. काठीचं खालचं टोक पुढे, वरचं मागे कललेलं ठेवा, म्हणजे शिशाची दोरी वाळू खरवडत आधी जाते. काठी उभी धरली की शिसं उचललं जातं आणि सगळा थवा खालून निघून जातो. बाहेर काढताना बोयऱ्यांची दोरी नव्हे, शिशाची दोरी आधी ओढा. ही चूक प्रत्येक नवी जोडी करते.

लाट गुडघ्याच्या वर असेल तर जाळं गुंडाळून घरी. जाळ्यात मासे कमी आणि लाकडाचे तुकडे जास्त येतात.

रोह्याची_वलगण

धागा वाचतोय, मजा येतेय. पण एक खटकतं ते बोलतो. आमच्याकडे जूनच्या पहिल्या पावसात वलगण येते, नदीतले मासे वहाळ चढून भातखाचरात अंडी घालायला येतात. गाबोळीने भरलेले. ते असे वाटेतच धरू नयेत, पुढच्या वर्षीचं बी संपतं, म्हणून हल्ली गावोगाव समजावून सांगावं लागतं. तिकडे मात्र तुम्ही नेमके विणीलाच आलेले मासे धरायचे धडे देताय?

उत्तरकाठ

प्रश्न रास्त आहे. वलगणीचे मासे तिथलेच. स्मेल्ट इथला नाही.

तो उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्याकडचा. १९१२ मध्ये मेन राज्यातल्या ग्रीन लेकमधली अंडी आणून मिशिगनच्या क्रिस्टल लेकमध्ये सोडली, कल्पना अशी की तिथे सोडलेल्या सामनला खाद्य मिळेल. सामन काही रुजला नाही, खाद्य मात्र रुजलं. १९२३ पर्यंत स्मेल्ट लेक मिशिगनमध्ये दिसायला लागला आणि तिथून बाकीच्या बहुतेक मोठ्या तळ्यांत पसरला. मधेच १९४२-४३ च्या हिवाळ्यात मिशिगन आणि ह्युरॉन तळ्यांतला स्मेल्ट जवळजवळ सगळा मेला आणि काही वर्षांत पुन्हा भरून आला. १९६० आणि ७० च्या दशकांत डुलुथकडे लोक कचऱ्याचे मोठे पिंप भरभरून नेत. ते दिवस गेले. लेक ट्राउट पुन्हा वाढला, वर सामन सोडले गेले, दोघांनी स्मेल्ट खाल्ला. आज एका रात्रीत एक बादली अर्धी झाली तरी चांगली रात्र म्हणायची.

स्मेल्ट दुसऱ्या माशांची पिल्लं खातो आणि त्यांचं खाद्यही खातो. विस्कॉन्सिनमधल्या स्पार्कलिंग लेकमध्ये तो घुसल्यावर तिथला सिस्को मासा नाहीसा झाला. हातजाळ्याने त्याचं बी संपेल अशी भीती इथे कुणी बाळगत नाही.

खडकाळ_पऱ्या

अर्धं मान्य. आता लेक ट्राउट त्याच्यावर जगतो, म्हणजे परका असला तरी घरातला झालाय. मिशिगनमध्ये दिवसाला दोन गॅलनची मर्यादा आहे. जिथे मर्यादा नाही तिथेही तेवढीच पाळावी असं माझं मत. दोन गॅलन म्हणजे साडेसात लिटर, दीडशेच्या आसपास मासे. एकेक साफ करायला वीस सेकंद धरा, पाऊण-एक तास नुसती कात्री. रात्री दोनला घरी येऊन त्याहून जास्त करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पाहिलेत ते दुसऱ्या दिवशी फेकून देणारे.

रोह्याची_वलगण

पटलं. म्हणजे वलगणीचा नियम तिकडे लावायचा नाही आणि हा धागा वाचून इकडे कुणी जाळं काढायचं नाही.

नियमवही

मिनेसोटापुरतं थोडक्यात. वय १६ आणि वर असेल तर मासेमारीचा परवाना लागतो. ओढ्यांवर हद्दीच्या पाट्या आहेत, त्यांच्या वर जाळं घालायचं नाही. नियम दर वर्षी बदलू शकतात, चालू वर्षाचीच पुस्तिका बघा.

याच दिवसांत याच ओढ्यांत स्टीलहेड, म्हणजे तळ्यात राहून मोठा होणारा रेनबो ट्राउटही अंडी घालायला चढतो. सकर नावाचा मासाही येतो. जाळ्यात स्टीलहेड आला तर बाहेर न काढता, जाळं पाण्यातच उलटं करून सोडा. त्याची पिल्लंही याच वेळी खाली उतरत असतात आणि अंधारात स्मेल्टसारखी वाटतात. अंगावर काळे ठिपके दिसले, काकडीचा वास नसला तर सोडून द्या.

स्मेल्ट जिवंत न्यायचा नाही. निघण्यापूर्वी बादलीतलं पाणी तिथेच ओता आणि जाळं, वेडर (पाण्यात उतरायची बुटांसकट विजार) पूर्ण सुकल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात नेऊ नका. गोट्यांना चिकटणारी अंडी जाळ्यालाही चिकटतात.

मॅपलग्रोव्हची_मंजू

वेडर कुठले? नवरा म्हणतो गमबूट पुरतात.

रापणवाला

ओढ्याच्या काठावर उभं राहून जाळं मारणार असाल तर गमबूट पुरतात, पाण्यात उतरायचं तर नाही. छातीपर्यंतचे निओप्रीनचे वेडर, आत लोकरीचे मोजे. कमरेला वरून पट्टा घट्ट बांधायचाच. पाय घसरला तर पट्ट्यामुळे वेडर पाण्याने पटकन भरत नाही. पाच अंशांच्या पाण्यात बोटं पाहता पाहता काम करेनाशी होतात, तेव्हा एकट्याने जाऊ नका आणि कोरड्या कपड्यांचा जोड गाडीत ठेवा.

खाडीकाठची_सुगरण

आता माझा प्रांत. मासा बादलीतल्या पाण्यात ठेवू नका, मऊ पडतो आणि पोट फुटतं. तळाला बर्फ, वर मासे, वर बर्फ, आणि वितळलेलं पाणी निथळायला बादलीला खाली भोक.

साफ करायला सुरी नको, कात्री. कल्ल्यांच्या मागे डोकं उडवा, पोट खालून वर कापा, अंगठ्याने आतलं काढा आणि कण्याला चिकटलेली काळपट रेघ नखाने खरवडा. ती राहिली तर कडवट लागतं. खवले चोळले की निघतात. गाबोळी वेगळी ठेवा. बोटाएवढे बारके असतील तर मांदेलीसारखे डोक्यासकट तळा, काटा कुरकुरीत होतो.

हळद, मीठ, तिखट, आलं-लसणाचं वाटण आणि कोकमाचं आगळ लावून वीस मिनिटं, जास्त नको. बारीक रवा दोन भाग, तांदळाची पिठी एक भाग. तेल चांगलं तापलेलं, एका बाजूला तीन मिनिटं, एकदाच उलटा. कालवण करू नये, मासा नाजूक, रश्शात विरघळतो. करायचंच तर उकळत्या रश्शात शेवटची चार मिनिटं सोडा आणि डाव घालू नका, पातेलं हलवा.

पोटात पांढरे मण्यांसारखे दाणे दिसले तर दचकू नका. ग्लुजिया नावाच्या सूक्ष्म परजीवीच्या गाठी असतात, माणसाला लागत नाहीत. आतड्याबरोबर काढून टाका.

गळ_आणि_दोर

सुगरणताई, एक विरोध: डोक्यासकट तळताना आतडं तरी काढाच. विणीच्या वेळी जठर बहुधा रिकामं असतं हे खरं, पण वाळूचे कण दाताखाली येतात.

मांजराला कच्चा स्मेल्ट घालू नका हेही सांगतो. त्यात थायमिनेझ असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडतं. शिजवल्यावर ते निकामी होतं, माणसाला प्रश्न नाही.

नियमवही

महत्त्वाचं राहिलं. जानेवारी २०२१ मध्ये विस्कॉन्सिनने सुपीरियरच्या स्मेल्टबद्दल सल्ला काढला: पीएफएएस गटातल्या रसायनांमुळे महिन्याला एकच जेवण. ही रसायनं शिजवून जात नाहीत, चरबी काढूनही जात नाहीत. गरोदर बायका आणि लहान मुलं घरात असतील तर हे आधी वाचा.

मॅपलग्रोव्हची_मंजू

बरं झालं सांगितलंत. मग दीडशे मासे आणून वर्षभर फ्रीजरमध्ये ठेवायचे म्हटलं तर?

खाडीकाठची_सुगरण

वर्षभर टिकणारच नाहीत. चरबीचा मासा, नुसत्या पिशवीत घातला तर दोन महिन्यांत खवट. दुधाच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्यात मासे रचून वर मासे बुडतील इतकं पाणी ओता आणि तसाच गोठवा, बर्फात हवा लागत नाही. असे तीन-चार महिने चांगले राहतात. एका डब्यात एका जेवणापुरतेच, कारण एकदा सोडवलेले परत गोठवायचे नाहीत.

खडकाळ_पऱ्या

आणि ती आतडी, पाण्यात नाही, कचऱ्याच्या पिशवीत. आतल्या एखाद्या तळ्याकाठी कॅबिन घेतली असेल तर तिथे मासे धुवायलासुद्धा बसू नका. माद्यांच्या पोटातून गळलेली अंडी आणि नरांचं पांढरं पाणी एकाच बादलीत असतं. ती बादली धक्क्यावरून ओतली तर स्मेल्ट नव्या तळ्यात पोचू शकतो. साफसफाई गावातल्या घरी, मोरीत.